मुंबईची गाडी पुरे, शेजारची गाडी द्या!

मराठवाड्यात निवडणुकीचे वारे वाहू लागले की दोन आश्वासने हमखास मिळतात. एक पाण्याचे आणि दुसरे मुंबईच्या गाडीचे. पाण्याचे काय झाले ते ज्याने त्याने आपल्या नळाला विचारावे. मुंबईच्या गाड्या मात्र आल्या, हे कबूल केलेच पाहिजे. देवगिरी आहे, तपोवन आहे, नंदिग्राम आहे. डिसेंबर २०२३ मध्ये जालन्याहून सुरू झालेली वंदे भारत ऑगस्ट २०२५ मध्ये नांदेडपर्यंत आली. आनंद आहे. कुणाच्या गाडीला आडवे जाण्याचा माझा हेतू नाही. पण या गाड्यांसाठी हार घेऊन उभे राहणाऱ्या प्रत्येकाला मला एकच प्रश्न विचारायचा आहे. बाबा रे, उद्या तुझ्या घरात कुणाच्या छातीत कळ आली तर त्याला घेऊन तू कोणत्या दिशेला धावशील? मुंबईच्या, की हैदराबादच्या?

उत्तर मला ठाऊक आहे, कारण मी कुकटपल्लीत राहतो. इथल्या मोठ्या दवाखान्यांच्या व्हरांड्यात उदगीरची मराठी ऐकू येते, देगलूरची येते, भालकी-औरादची येते. केपीएचबी वसाहतीतल्या हॉस्टेलांत नांदेड-लातूरची पोरे खाटेला खाट लावून राहतात आणि अमीरपेठेतल्या क्लासांना जातात. कुणाची लेक हायटेक सिटीत नोकरीला आहे, कुणाचा जावई बालानगरच्या कारखान्यात. धर्माबादचा व्यापारी मालासाठी इकडेच येतो आणि लग्नातल्या बांगड्या अजूनही लाड बाजारातूनच जातात. घरात मराठी, बाजारात तेलुगू नाहीतर कन्नड आणि रिक्षावाल्याशी दखनी, असा ज्यांचा रोजचा व्यवहार आहे, त्या आपल्या माणसांचे मोठे शहर हैदराबाद आहे. मुंबई ही राजधानी आहे. तिथे मंत्रालय आहे. मंत्रालयात ज्यांचे काम असते त्यांना मुंबईची गाडी लागते आणि गाड्या मागणारेही तेच असतात. म्हणून आपल्या भागात गाड्या पुढारी जिथे जातात तिथे जातात. लोक जिथे जातात तिथे जात नाहीत.

माझे म्हणणे एवढेच आहे आणि ते आधीच सांगून टाकतो. सीमाभागाला लांब पल्ल्याच्या आणखी एका गाडीची गरज नाही. गरज आहे ती शेजारच्या शहरांना जोडणाऱ्या, दिवसा धावणाऱ्या, ठरलेल्या ठोक्याला सुटणाऱ्या साध्या गाड्यांची. नांदेड–निजामाबाद–हैदराबाद, लातूर–उदगीर–बिदर–हैदराबाद, सोलापूर–कलबुर्गी–हैदराबाद. रिझर्व्हेशन नको, गादी नको, नाव नको. वेळेवर यावी, वेळेवर जावी आणि बसायला जागा असावी.

ही मागणी नवी नाही, उलट फार जुनी आहे. आपल्या भागातले रूळ टाकले गेले तेच मुळी हैदराबादकडे तोंड करून. वाडी ते सिकंदराबाद हा निजामाच्या रेल्वेचा पहिला मार्ग १८७४ साली सुरू झाला. त्यानंतर सिकंदराबादहून निजामाबाद, नांदेड, परभणी, औरंगाबाद असे करत मनमाडला मिळणारी गोदावरी खोऱ्यातली मीटरगेज १९०० च्या सुमारास आली. विकाराबादहून बिदर, उदगीरवरून परळी वैजनाथपर्यंतचा मार्ग १९३० च्या सुमारास झाला. त्याच १९३० सालच्या जूनमध्ये मुंबई-पुण्यात दख्खनची राणी धावू लागली. दोन्हीकडचे रूळ एका काळाचे, पण नशीब किती वेगळे पाहा. मुंबई-पुण्याला दख्खनच्या राणीच्या मागून सिंहगड, प्रगती, इंद्रायणी, डेक्कन एक्सप्रेस अशा गाड्या आल्या. सकाळी जाऊन संध्याकाळी परतणाऱ्या नोकरदारांचा एक वर्गच त्यांच्यावर उभा राहिला. आपल्याकडच्या त्याच वयाच्या रुळावर अजूनही दोन गाड्या समोरासमोर आल्या की एकीला बाजूच्या लाइनवर उभे राहावे लागते.

१९३१ साली मराठी साहित्य संमेलन हैदराबादला भरले होते. ज्ञानकोशकार केतकर अध्यक्ष होते. मराठवाड्याला स्वतःचे विद्यापीठ १९५८ साली मिळाले. तोवर आपल्या पिढ्या उस्मानियात शिकल्या. १ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यात गेला, बिदर म्हैसूरला गेले, तेलंगण आंध्रात गेले. भाषावार प्रांत झाले ते योग्यच झाले. त्यासाठी झगडलेल्या माणसांच्या ऋणातून आपण मुक्त होणार नाही. पण नकाशावर रेघ ओढली म्हणजे माणसांची ये-जा थांबते का? मावशी उदगीरला, आत्या निजामाबादला, मामा बिदरला, अशी घरे त्या रेघेच्या दोन्ही बाजूंना तशीच राहिली. बासरच्या सरस्वतीपुढे मुलांची पाटी पुजायला मराठी आईबाप आजही जातात, तेव्हा त्या रेघेची आठवण कुणाला येत नाही. गाडीला मात्र येते. प्रत्येक राज्य आपापल्या राजधानीची गाडी मागू लागले. महाराष्ट्राने मुंबईची मागितली, कर्नाटकाने बंगळूरची मागितली. हैदराबादकरांना दिल्ली, तिरुपती आणि मुंबई हवी होती. मधल्या सव्वाशे-दीडशे किलोमीटरचा वाली कोणीच उरला नाही. लग्नघरी सगळे वऱ्हाडाच्या मागे धावतात आणि घरातला म्हातारा उपाशी राहतो, तसे सीमाभागाचे झाले.

रस्त्याला ही अडचण आली नाही, हे लक्षात घेण्यासारखे आहे. पुणे–सोलापूर–हैदराबाद–मछलीपट्टण हा राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ६५ आमच्या कुकटपल्लीच्या मधोमध जातो. अकोला–हिंगोली–नांदेड–देगलूर–संगारेड्डी हा १६१ क्रमांकाचा महामार्ग पुढे त्यालाच येऊन मिळतो. चार राज्यांत एकच रस्ता, एकाच क्रमांकाचा. त्यावर ट्रक धावतात, मोटारी धावतात आणि अंधार पडला की खासगी बसगाड्या धावतात. मूसापेठेपासून मियापूरपर्यंत रात्री रस्त्याच्या कडेला त्यांची रांग लागते आणि पिशव्या सांभाळत उभे असलेले आपलेच लोक दिसतात. दसरा-दिवाळीला तिकिटाचा भाव काय असतो ते वाचकांना सांगायला नको. या अंकाचे अर्धे वाचक तो भाव मोजूनच घरी आले असतील. आणि याच रस्त्याच्या दक्षिणेला, दोन-चार किलोमीटरवर, हफीजपेठ, हायटेक सिटी, बोरबंडा या स्टेशनांवरून १८७४ चा तो जुना मार्ग जातो. बिदर-उदगीरकडची गाडी आमच्या दारावरून जाते. फक्त ती आमच्यासाठी नसते. तिला पुढे साईनगर शिर्डी नाहीतर संभाजीनगर गाठायचे असते.

आता कुणी म्हणेल, गाड्या नाहीत असे कसे म्हणता? अजिंठा आहे, देवगिरी आहे, काचीगुड्याहून अकोल्याकडे दिवसाची इंटरसिटी जाते, बिदरलाही इंटरसिटी आहे. आहेत, मान्य. गाड्या मोजायच्या असतील तर हाताची बोटे पुरणार नाहीत. पण गाडी मोजण्याची ही रीतच चुकीची आहे. मी वाचकांना तीन प्रश्न देतो. आपल्या गावच्या स्टेशनात जा, टाइमटेबलाचा फळा पाहा आणि स्वतःच उत्तरे काढा.

पहिला प्रश्न. सकाळी आपल्या गावी गाडीत बसून दहाच्या आत शेजारच्या मोठ्या शहरात पोहोचता येते का? आणि पाचनंतर निघून त्याच दिवशी, माणसे जागी असतील अशा वेळी, घरी परतता येते का? दोन्ही जमले तरच ती गाडी तुमची. एकच जमत असेल तर ती दुसऱ्या कुणाची तरी आहे, तुम्ही तिच्यात उसने बसता.

दुसरा प्रश्न. ती गाडी चुकली तर पुढची केव्हा? उत्तर 'उद्या' असे असेल तर त्याला रेल्वेसेवा म्हणत नाहीत, योगायोग म्हणतात. कुकटपल्लीत नोव्हेंबर २०१७ पासून मेट्रो आहे. अमीरपेठला जायला कोणी टाइमटेबल पाहत नाही, कारण एक गेली की दुसरी येते हे ठाऊक असते. दोनशे-तीनशे किलोमीटरवर पाच मिनिटांनी गाडी मागण्याइतका मी खुळा नाही. पण तीन तासांनी एक मागायला काय हरकत आहे?

तिसरा प्रश्न. तिकीट न काढून ठेवता, आज सकाळी ठरवून आज जाता येते का? आजारी माणूस दोन महिने आधी रिझर्व्हेशन करून आजारी पडत नसतो. लांबच्या गाडीत जागा लांबच्या प्रवाशाला आधी मिळते, तेच तिचे काम आहे. मधल्या स्टेशनचा माणूस जनरलच्या डब्याच्या दारात लोंबकळतो. गुडघे दुखणाऱ्या बाईला घेऊन त्या दारातून आत शिरून पाहा, म्हणजे क्षमता या शब्दाचा अर्थ समजेल.

तिन्ही प्रश्नांना 'हो' म्हणता येईल अशी गावे आपल्या भागात किती निघतील, ते मी वाचकांवर सोपवतो.

रेल्वेकडे गेले की पहिले उत्तर मिळते, मार्गावर जागा नाही. हे उत्तर अगदी खोटे नाही, म्हणून ते समजून घेतले पाहिजे. एकेरी मार्गावर दोन स्टेशनांच्या मध्ये साधारणतः एका वेळी एकच गाडी सोडता येते. समोरून येणारी गाडी स्टेशनात येईपर्यंत इकडचीला थांबावे लागते. एक एक्सप्रेस अर्धा तास उशिरा आली की तिच्यासाठी दोन पॅसेंजर बाजूला काढल्या जातात. त्यांच्यामुळे मालगाडी अडते आणि मालगाडीमुळे पुढची पॅसेंजर. सर्वात साधी गाडी सर्वात शेवटी. गरिबाच्या गाडीला 'क्रॉसिंग' हा शब्द इतका चिकटला आहे की लोक आता डबा क्रॉसिंगलाच उघडतात. तेव्हा दुसरा मार्ग हवा, यात वाद नाही. तो येतोही आहे. परभणी ते मुदखेड दुहेरीकरण झाले. मुदखेड–मेडचल दुहेरीकरणाला केंद्रीय मंत्रिमंडळाने ऑगस्ट २०२३ मध्ये मंजुरी दिली. छत्रपती संभाजीनगर–परभणी या १७७ किलोमीटरच्या दुहेरीकरणाला जुलै २०२५ मध्ये मंजुरी मिळाली.

पण खरी मेख इथेच आहे. दुसरा रूळ पडला की त्यावर कोणाच्या गाड्या धावणार, हे आज कोणी ठरवले आहे का? नसेल ठरवले तर माझे भाकीत लिहून ठेवा. त्या जागेत आणखी चार लांबच्या गाड्या येतील, मालगाड्या वाढतील आणि धर्माबादचा माणूस दोन रुळांच्या कडेला उभा राहून दुप्पट गाड्या जाताना पाहील. विहीर खणण्याआधी पाणी कोणाच्या शेताला हे ठरले पाहिजे. नाहीतर खणणारा कोरडा राहतो आणि ज्याचा पंप मोठा त्याचा ऊस हिरवा होतो. हे आपल्या भागात तरी समजावून सांगायची गरज नाही.

रेल्वेचे दुसरे उत्तर तोट्याचे असते. प्रवासाला शंभर रुपये खर्च येतो आणि प्रवासी चौपन्न देतो, असे रेल्वेमंत्रालय सांगते. मान्य करू. पण मग ज्या गाडीत डबे कमी, पण फेऱ्या जास्त, ती परवडणारी की जी दिवसातून एकदा जाते ती? विजेवरची मेमू गाडी दोन्ही टोकांना चालते. तिला इंजिन फिरवावे लागत नाही, ती चटकन वेग घेते. एकच मेमू दिवसातून तीन-चार फेऱ्या करील. विकाराबाद–परळी मार्गावर आता विजेच्या तारा आहेत, मनमाड–नांदेड–सिकंदराबाद मार्गावरही आहेत. तारा आल्या आणि त्यांखालून जुनीच अडचण धावते आहे.

आणि तोट्याची भाषा करणाऱ्यांनी नागपूर–सिकंदराबाद वंदे भारतचा हिशेबही मांडावा. सप्टेंबर २०२४ मध्ये ती वीस डब्यांची सुरू झाली. डबे रिकामे धावू लागले, तेव्हा फेब्रुवारी २०२५ मध्ये वीसाचे आठ करावे लागले. आमच्या पॅसेंजरचे डबे कुणी मोजून दुप्पट केल्याचे ऐकिवात नाही. उलट करोनाच्या काळात बंद झालेल्या पॅसेंजर पुन्हा सुरू झाल्या तेव्हा त्या नावाने एक्सप्रेस झाल्या आणि दहा रुपयांचे किमान तिकीट तीस रुपयांचे झाले. ते पुन्हा दहावर यायला फेब्रुवारी २०२४ उजाडला. गाडी तीच, स्टेशने तीच, क्रॉसिंग तेच. नाव सोनुबाई आणि हाती कथलाचा वाळा!

आता आपल्याच माणसांच्या एका आवडत्या मागणीकडे वळतो. नांदेड विभाग दक्षिण मध्य रेल्वेतून काढून मध्य रेल्वेला जोडा, म्हणजे सगळे प्रश्न सुटतील, असे मराठवाड्यात वर्षानुवर्षे म्हटले जाते. २००३ साली नांदेडला स्वतंत्र विभाग झाला, पण कारभार सिकंदराबादच्या रेल निलयममधून चालतो; तिथे आपले कोणी ऐकत नाही, अशी तक्रार आहे. तक्रारीत तथ्य असेल. पण औषध कोणते? लातूर स्टेशन मध्य रेल्वेच्या सोलापूर विभागात आहे. त्याला मुंबईची गाडी मिळाली, चांगली मिळाली. पण जवळच्याच लातूर रोडवरून जाणारा बिदर-हैदराबादचा मार्ग सिकंदराबाद विभागात. म्हणजे लातूरकराला हैदराबादला जाणारी सोयीची गाडी हवी असेल तर दोन झोनांनी एकमेकांना पत्रे लिहायची. नांदेडही मुंबईच्या झोनात गेले की नांदेड आणि निजामाबाद यांच्या मध्ये, जिथे राज्याची हद्द आहे, तिथेच रेल्वेचीही हद्द पडेल. राज्याच्या हद्दीने जे निम्मे केले ते आपण आपल्या हाताने पुरे करणार आहोत. पाटी बदलल्याने गाडी येत नाही. टाइमटेबल बदलल्याने येते. मराठी माणसाचे हित मुंबईकडे तोंड करण्यातच आहे, हे कोणी ठरवले? उदगीरला एप्रिल २०२२ मध्ये साहित्य संमेलन भरले, तेव्हा सीमाभागातल्या मराठीची चिंता सगळ्यांनाच होती. ती भाषा जिवंत राहते ती माणसे एकमेकांकडे जात-येत राहिली तर. हैदराबादला स्थायिक झालेला नातू उदगीरच्या आजीकडे वर्षातून एकदा न जाता महिन्यातून दोनदा गेला, तर त्याच्या मराठीसाठी कोणताही ठराव मांडावा लागणार नाही.

भाषांच्या सीमा ओलांडून गाड्या नीट चालवता येतात की नाही, हे पाहायला फार दूरचे पण नेमके एक उदाहरण आहे. स्वित्झर्लंड हा आपल्या मराठवाड्यापेक्षाही लहान देश. सव्वीस प्रांत, चार भाषा. इकडे जर्मन, तिकडे फ्रेंच, खाली इटालियन. त्यांनी १९८२ साली देशभर ठरवले की गाड्या दर तासाला, त्याच मिनिटाला सुटतील. आठ वाजून पाच, नऊ वाजून पाच, दहा वाजून पाच. १९८७ साली लोकांचे मत घेऊन त्याच धोरणावर पुढचे पैसे खर्च केले. गाडी जास्तीत जास्त वेगाने पळवायची नाही. पुढची गाडी आणि बस सापडेल इतक्याच वेगाने न्यायची, हे सूत्र. आधी टाइमटेबल कागदावर आखले आणि त्यासाठी जिथे रूळ कमी पडले तिथेच रूळ टाकले. आपल्याकडे उलटे. आधी रूळ, मग उद्घाटन, मग नाव आणि शेवटी उरलेल्या वेळेत टाइमटेबल.

'ते श्रीमंत देश, आपले काय?' असे म्हणणाऱ्यांसाठी घरचीच उदाहरणे देतो. दिल्ली–मेरठ ही ८२ किलोमीटरची वेगवान प्रादेशिक रेल्वे तीस हजार कोटींच्या वर खर्चून बांधली गेली. पहिला टप्पा ऑक्टोबर २०२३ मध्ये सुरू झाला. तिच्यासाठी केंद्र, दिल्ली, हरयाणा, राजस्थान आणि उत्तर प्रदेश यांनी मिळून एक कंपनी काढली. चार राज्ये आणि केंद्र एका टेबलाशी बसू शकतात, हे त्यातून सिद्ध झाले. आमची मागणी तर तीस हजार कोटींची मुळीच नाही. दुसरे उदाहरण खुद्द हैदराबादचे. २००३ साली इथे एमएमटीएस लोकल सुरू झाली ती रेल्वे आणि राज्य सरकार यांनी खर्च वाटून घेऊन. शहरातल्या लोकलसाठी राज्य पैसे देते, तर तीन राज्ये मिळून सीमेवरच्या लोकलसाठी थोडे थोडे का देणार नाहीत?

म्हणून नुसते रडगाणे न गाता मागण्या मांडतो.

एक. लातूर–उदगीर–भालकी–बिदर–जहीराबाद–विकाराबाद–लिंगमपल्ली अशी मेमू, दिवसातून चार वेळा, दोन्ही बाजूंनी. ती सिकंदराबादपर्यंत नेऊ नका. तिथे फलाट अपुरे आहेत, स्टेशनाची पुनर्बांधणी चालली म्हणून २०२५ मध्ये अनेक गाड्या दुसरीकडे हलवाव्या लागल्या. जानेवारी २०२५ मध्ये चर्लापल्लीला नवे टर्मिनस झाले, पण ते आम्हा पश्चिमेकडच्यांना शहराच्या पार दुसऱ्या टोकाला. लिंगमपल्लीला उतरलेला माणूस समोरच्या लोकलने हफीजपेठ, हायटेक सिटी, बेगमपेठ कुठेही जाईल.

दोन. नांदेड–उमरी–धर्माबाद–बासर–निजामाबाद–कामारेड्डी–मेडचल अशी तशीच गाडी. एप्रिल २०२३ मध्ये एमएमटीएस मेडचलपर्यंत गेली आहे. लोकलची वेळ या गाडीशी जुळवली आणि फेऱ्या वाढवल्या की काम झाले. मोठ्या स्टेशनावर एकही जादा फलाट लागणार नाही.

तीन. दुहेरीकरण पुरे होईल त्या दिवसापासून नव्या क्षमतेतला ठरावीक हिस्सा दोनशे-तीनशे किलोमीटरच्या आतल्या गाड्यांसाठी राखून ठेवावा आणि तो आत्ताच कागदावर लिहून द्यावा.

चार. नांदेड–देगलूर–बिदर. सुमारे दीडशे किलोमीटरचा हा मार्ग. २०२२ साली महाराष्ट्र सरकारने खर्चाचा अर्धा वाटा उचलायचे ठरवले. देगलूरकराला आगगाडी पाहायची तर आजही गाव सोडावे लागते. बिदर–कलबुर्गी हा ११० किलोमीटरचा मार्ग नव्वदीच्या दशकात मंजूर झाला आणि ऑक्टोबर २०१७ मध्ये सुरू झाला. नगर–बीड–परळी १९९५ ला मंजूर झाला, बीडला गाडी पोहोचली १७ सप्टेंबर २०२५ रोजी. या चालीने देगलूरला गाडी येईल तेव्हा तिला हिरवा बावटा दाखवणारा आज पाळण्यात असेल. मार्ग होईल तेव्हा होईल; तोवर देगलूर, बिलोलीहून जवळच्या स्टेशनावर गाडीच्या वेळेला बस सोडा. याला ना जमीन लागते ना मंजुरी. दोन खात्यांनी एकमेकांचे टाइमटेबल वाचले तरी पुरे.

पाच. या सगळ्यासाठी तीन राज्यांची मिळून एक समिती. नांदेड, लातूर, मेदक, बिदर, जहीराबाद, निजामाबाद, चेवेल्ला आणि मलकाजगिरी या आठ मतदारसंघांतून या गाड्या जातील. आठ खासदार तीन राज्यांचे आणि निरनिराळ्या पक्षांचे. भाषेच्या प्रश्नावर ते एका सुरात बोलणार नाहीत, तशी अपेक्षाही नाही. पण सकाळच्या गाडीला पक्ष नसतो आणि तिच्या शिट्टीचे भाषांतर करावे लागत नाही.

वाचकहो, आता थोडे तुमच्याकडे. रेल्वेच्या प्रत्येक विभागात आणि झोनमध्ये प्रवाशांच्या सल्लागार समित्या असतात. तिथे गावोगावच्या मागण्या जातात. आपल्या गावाने गेल्या पाच वर्षांत काय मागितले ते विचारून पाहा. बहुधा उत्तर मिळेल: अमुक एक्सप्रेसला थांबा आणि तमुक एक्सप्रेसचा विस्तार. म्हणजे दुसऱ्याच्या गाडीत दोन मिनिटांची जागा! स्वतःची गाडी मागण्याची आपली सवयच गेली आहे. यंदा ती लावून घेऊ. देशभराचे नवे टाइमटेबल १ जानेवारी २०२५ पासून लागू झाले होते. पुढची टाइमटेबले होत राहतील. ग्रामपंचायत असो, व्यापारी संघ असो, भिशी मंडळ असो, प्रत्येकाने एकच ठराव मराठीत, तेलुगूत आणि कन्नडमध्ये लिहून धाडावा. सकाळी दहाच्या आत पोहोचवा, संध्याकाळी पाचनंतर आणा, बसायला जागा द्या. तीन ओळींचा ठराव. शेजारी तेलुगू असो की कन्नड, त्याला हे पटवायला व्याख्यान लागणार नाही, कारण तोही त्याच दारात लोंबकळतो आहे.

मुंबई आपली आहेच. ती कुठे पळून जात नाही आणि तिच्याकडे नेणारेही पुष्कळ आहेत. शेजारच्या गावाला नेणारा कोणी नाही. ते काम आपणच मागून, पाठीस लागून, करून घ्यायचे आहे.